आधी एक पावसाळा, मग मशिन

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय २९, राहणार कोल्हापूर, सुभाषनगर परिसर. घरात दोन पिढ्या चपला होतात. वडील आणि काका शिवतात, आई आणि काकू वेणी घालतात. पत्रलेखक गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी सायकल चालवतात. घरच्याच चामड्यातून त्यांनी सीटमागे लावायच्या चार बॅगा शिवून मित्रांना दिल्या. एक पन्हाळ्याहून उतरताना मागच्या टायरला घासून फाटली. दुसरीच्या रिव्हेटभोवती काळे डाग पडले. तिसरीचा रंग चालवणाऱ्याच्या कपड्यांना लागला आणि चौथीला जुलैमध्ये बुरशी आली. हे सगळं मशिन नसल्यामुळे झालं, असं त्यांना वाटतं. ४.५ लाखांचं कर्ज काढून चामडं शिवायचं सिलिंडर-आर्म मशिन घ्यायचं, नोकरी सोडायची आणि ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून बॅग १५,००० रुपयांना विकायची, असा बेत आहे. वडील म्हणतात, “चपलेचं चामडं चपलेलाच. तू दोन्हीची माती करशील.” प्रश्न : वडिलांना कसं पटवू?

उत्तर :

वडिलांचं नंतर बघू. तुम्ही लिहिलेल्या चार दोषांपैकी एकही मशिनअभावी आलेला नाही. टायरला घासलं ते पट्टा ताणल्यामुळे. डाग पडले लोखंडामुळे. रंग सुटला तो जादाचा पुसून न काढल्यामुळे, आणि बुरशी आली ती कोल्हापूरच्या जुलैमुळे. मशिन दारात असतं, तर हेच चार दोष तुम्ही जास्त वेगाने शिवले असते.

मशिनचा हिशेब आधी मिटवू. दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि मल्टिटूल मावायला बॅग साधारण १६ सेंमी रुंद, १० सेंमी उंच आणि ७ सेंमी खोल पुरते. मागची बाजू, तळ, पुढची बाजू आणि झाकण एकाच लांब तुकड्यातून काढा. मग शिवण उरते ती दोन्ही कडांच्या तुकड्यांभोवती, प्रत्येकी २७ सेंमी, म्हणजे एकूण ५४. टाका ४ मिमीचा धरला, तर १३५ टाके. भोकं आधी समान अंतरावर पाडून ठेवली असतील, तर आरीची सवय असलेला माणूस दोन सुयांनी हे काम दोनेक तासांत उरकतो. १३५ टाक्यांसाठी ४.५ लाख?

शिवाय या कामाला हातशिवणच बरी. दोन सुयांच्या टाक्यात एकच दोरा प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जातो, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. मशिनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत नुसते अडकलेले असतात. एक झिजून तुटला आणि बॅग हादरत राहिली, की शिवण उसवत जाते. दोरा मेण लावलेला पॉलिस्टरचा घ्या, ०.८ मिमीचा. शिवणीच्या चौपट लांबी आणि सुयांसाठी वर हातभर, एवढा एका बाजूला पुरतो. सुती दोरा नको, ओलाव्याने कुजतो. महिन्याला पन्नास-साठ बॅगांची मागणी नेमाने येऊ लागली, की मशिनचा विषय पुन्हा काढा.

आता चामडं. तुम्ही तळव्याचं ४ मिमी जाडीचं म्हशीचं चामडं वापरलंत, ‘दणकट आणि लक्झरी दिसतं’ म्हणून. वरच्या मापाच्या बॅगेला पट्टे सोडून एक चौरस फुटाच्या आसपास चामडं लागतं. ४ मिमीचं घेतलं तर त्याचंच वजन साडेतीनशे ग्रॅम होतं, २.२ मिमीचं घेतलं तर दोनशेच्या आतबाहेर. आत जाणारं सामान चारशे-साडेचारशे ग्रॅमचं. म्हणजे तुमचा गिऱ्हाईक जवळजवळ सामानाइतकीच रिकामी बॅग घाटावर चढवतोय. चपलेत ती जाडी पायाखाली दाबली जाते, तिचा उपयोग आहे. इथे ती नुसती लोंबते आणि पट्ट्यांना ओढते.

जितकं जास्त चामडं तितकी लक्झरी, हे गृहीतकसुद्धा तपासायला हवं. इंग्लंडमधली कॅरॅडाइस १९३२ पासून सायकलच्या बॅगा करते आणि तिचं नाव झालं ते जाड सुती कॅनव्हासच्या बॅगांमुळे. त्यांत चामडं असतं ते मुख्यतः पट्ट्यांना आणि जिथे ताण किंवा घासणं आहे तिथे. सबंध चामड्याचीच बॅग करायची असेल तर लहान करा, एक-सव्वा लिटरची. हँडलला लावायची मोठी बॅग मनात असेल, तर अंग मेणकापडाचं आणि कडा, पट्टे, तळ चामड्याचे ठेवा. पत्रात तुम्ही चौकटीच्या त्रिकोणात बसणाऱ्या बॅगेचाही उल्लेख केला आहे. ती सध्या सोडून द्या. रुंदी पाच-सहा सेंमीच्या वर गेली की गुडघे घासतात, आणि प्रत्येक फ्रेमचा त्रिकोण वेगळा असल्यामुळे साठा करून ठेवता येत नाही.

लहान बॅगेसाठी अंगाला २ ते २.२ मिमी, कडेच्या तुकड्यांना १.८ आणि पट्ट्यांना ३ मिमी चामडं घ्या. जिथे शिवण येते तिथली कड १२ मिमी रुंदीत रापीने तासून १ मिमीवर आणा, नाहीतर कोपऱ्यात चार पदर जमून गाठ दिसते. हातावर कमावलेल्या चामड्याची जाडी एकाच तुकड्यात पाठीपासून पोटापर्यंत बदलते, म्हणून नजरेवर न जाता प्रत्येक तुकडा गेजने तीन-चार ठिकाणी मोजा. पाठीच्या कण्यालगतची पट्टी फक्त पट्ट्यांसाठी राखून ठेवा. अंग जनावराच्या पुठ्ठ्यावरच्या, म्हणजे मागच्या भागातल्या, चामड्यातून काढा. पोटाकडचं आणि पायाजवळचं चामडं सैल वीणीचं असतं, ते ताणतं आणि परत जागेवर येत नाही. त्यातून पट्टा कधीच कापायचा नाही. पन्हाळ्याच्या उतारावर फाटलेल्या बॅगेचा पट्टा बाजूला ठेवला असेल, तर आतली तंतूंची बाजू बघा. तंतू लांब आणि विसकटलेले असतील, तर तो पोटाचाच आहे.

पट्टे हाच या बॅगेचा जीव आहे, म्हणून त्यांवर थोडं सविस्तर लिहितो. बॅग तीन ठिकाणी धरली गेली पाहिजे : सीटखालच्या दोन सळ्यांना दोन पट्टे आणि सीटच्या दांड्याला एक. तुमच्या फोटोत वरचे दोनच दिसतात. त्यामुळे खड्ड्यात बॅग मागे झोका घेते आणि प्रत्येक झोक्याला पट्ट्याची भोकं लांबट होत जातात. दुसरी चूक म्हणजे पट्टे मागच्या चामड्यावर नुसते रिव्हेटने ठोकलेत, त्यामुळे सगळा भार दोन भोकांच्या काठांवर येतो. मागच्या बाजूला चामडं आणि अस्तर यांच्यामध्ये २ मिमी एचडीपीईचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा, पत्रा घाला. पुठ्ठा नको, पहिल्याच पावसात त्याचा लगदा होतो. पट्टा चामड्यातल्या आणि या पत्र्यातल्या आडव्या खाचेतून आत घेऊन पलीकडच्या खाचेतून बाहेर काढा, म्हणजे भार पत्र्यावर येतो. खाचेची दोन्ही टोकं गोल पंचने पाडा. चौकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते. तुम्ही ड्रॉइंगवाले, ताण कुठे जमा होतो हे वेगळं सांगायला नको.

पट्टा कापण्याआधी किंचित ओला करून चार-पाच किलो वजन बांधा आणि रात्रभर टांगून ठेवा. सावलीत पूर्ण सुकल्यावरच लांबी ठरवा आणि भोकं पाडा. रुंदी १६ ते २० मिमी. भोकांमधलं अंतर ८ मिमी ठेवा. तुम्ही २० ठेवलंय, ते कमरेच्या पट्ट्याचं माप आहे. इथे अर्धं भोकही सैल राहिलं तर बॅग डुलते. दांड्याचे व्यास वेगवेगळे येतात : २७.२ मिमीच्या दांड्याचा घेर ८५ मिमी होतो, ३१.६ मिमीचा ९९. दोन्हींना पुरेल इतकी भोकं एकाच पट्ट्यावर द्या. दांड्याला टेकणाऱ्या बाजूला मऊ चामड्याचा तुकडा लावा, नाहीतर मागच्या पत्र्याची कड आणि धूळ मिळून सायकलचा रंग खरवडतात आणि गिऱ्हाईक फोन करतो तो त्या रंगाबद्दल.

टायरशी किती अंतर, हा प्रश्न तुमच्या टेबलावर सुटत नाही. उंचीने कमी असलेल्या माणसाचं सीट खाली असतं, पण चाक तेवढंच मोठं. त्याच्या सीटच्या सळीपासून टायरपर्यंत कधीकधी १३-१४ सेंमीच जागा मिळते. भरलेल्या बॅगेखाली निदान ५ सेंमी मोकळे हवेत. म्हणजे १० सेंमी उंचीची तुमची बॅग तिथे बसणारच नाही, पट्टा कितीही चांगला असला तरी. ८ सेंमीचा दुसरा साचा करा आणि ऑर्डर घेताना सीटच्या सळीपासून टायरपर्यंतचं अंतर पट्टीसकट फोटोत मागवा. गिऱ्हाइकाच्या तोंडी मापावर विसंबू नका.

काळ्या डागांचं कारण सोपं आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांत टॅनिन असतं, तुमच्या घरचं चामडं त्यावरच कमावलेलं. टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी हिरड्यापासून शाई करत, ती याच मेळातून. ‘पितळी’ म्हणून मिळणारी बरीच बक्कलं आणि रिव्हेट आतून लोखंडाची असतात, वर नुसता मुलामा. खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर परत. रिव्हेट तांब्याचे वॉशरसह घ्या, बक्कल भरीव पितळेचं किंवा ३०४ स्टेनलेसचं. कोल्हापुरात फाउंड्री आणि लेझर कटिंगला तोटा नाही. स्वतःच्या ड्रॉइंगवरून बक्कल करून घेणं तुम्हाला इतर कुणापेक्षाही सोपं जाईल आणि बॅग ओळखू येईल ती त्यावरूनच. ओलं चामडं साच्यावर चढवताना लोखंडी शिकंजा थेट लावलात तरी हाच डाग पडतो, मध्ये लाकडाची चीप घाला. पडलेला डाग लिंबाच्या रसाने फिका होतो, पूर्ण जाईलच असं नाही.

रंगाचं काम चिकाटीचं. रंग दिल्यावर एक दिवस सुकू द्या, कोरड्या सुती कापडाने घासून जादाचा रंग काढा आणि मगच वरचं फिनिश द्या. त्यानंतर ओलं पांढरं फडकं एकाच जागी वीस वेळा घासून बघा. फडक्यावर रंग आला, तर ती बॅग विकायची नाही. सायकलवर मांडी घामाने भिजलेली असते आणि बॅगेच्या दांड्याकडच्या कोपऱ्यांना सारखी लागते. म्हणून ते कोपरे गोलच हवेत.

पावसाळ्याचं काय करायचं, हे ठरवल्याशिवाय या धंद्यात उतरू नका. कोल्हापुरात जून उजाडला की चपला कागदात गुंडाळून माळ्यावर जातात, कारण हे चामडं पाणी पितं, फुगतं आणि सुकताना कडक होतं. सीटमागची बॅग तर त्याहून वाईट जागी आहे. वरून पाऊस आणि मडगार्ड नसेल तर खालून चाकाचा चिखल. तळाला शिवण न ठेवण्याचं खरं कारण हेच. झाकण दोन्ही बाजूंनी आणि पुढून ३-४ सेंमी खाली उतरू द्या. बॅगेचं अंग बाहेरून मेणाने माखा : १ भाग मधमाश्यांचं मेण आणि ३ भाग एरंडेल, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून कोमटच लावायचं. मेण सुमारे ६२-६४ अंशांना वितळतं, थेट आचेवर ठेवायची गरज नाही. पट्ट्यांना मात्र हात अगदी हलका ठेवा. जास्त तेल प्यायलेला पट्टा मऊ होतो आणि पुन्हा ताणतो.

एवढं करूनही बॅग पाणी थोपवेल ती काही काळच. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द लेबलवर घालू नका. त्याऐवजी प्रत्येक बॅगेबरोबर पातळ रेनकव्हर द्या आणि एक कागद : भिजली तर उन्हात किंवा गॅसजवळ सुकवू नये, वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवावी, बंद कपाटात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. बुरशीचं निम्मं कारण ती पिशवी असते. वर पांढरी आली असेल तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसायची, वारा द्यायचा आणि मेणाचा पातळ हात मारायचा.

किमतीकडे वळू. १५,००० कुठून आले, हे पत्रात नाही. चामड्याचा भाव तुम्ही चौरस फुटाला १८० लिहिला आहे. पट्टे आणि वाया जाणारं धरून पावणेदोन फूट, म्हणजे ३१५ रुपये. चांगलं बक्कल, रिव्हेट ४०० धरा, दोरा-अस्तर-पत्रा १५०, कव्हर आणि खोका २५०. राहिली मजुरी, जी तुमच्या हिशेबात शून्य आहे! कापणं, तासणं, शिवण, कडा घोटणं, रंग, मेण मिळून ९ तास धरले आणि तासाला १५० लावले, तर १,३५० होतात. वडील तासतात, काकू कडा घोटतात, ‘घरचंच काम’ म्हणून त्याला पैसे नाहीत, हे चालणार नाही. ते तास चपलांमधून काढलेले आहेत, तिथलं उत्पन्न तेवढं बुडतं. वडिलांच्या बोलण्यातला राग कदाचित याचा असेल.

एकूण २,४६५ झाले. दुकानदार ४० टक्के घेणार असेल, तर ६,५०० रुपयांच्या बॅगेतून तुमच्या हाती ३,९०० येतात आणि १,४३५ उरतात. त्यांतूनच बिघडलेले नग, दुरुस्ती आणि कर भागवायचे. करासाठी सीए गाठा, अंदाजाने जाऊ नका. १५,००० मागता येत नाहीत असं नाही, पण त्या किमतीला पट्टा आणि दोरा आयुष्यभर बदलून द्यायची तयारी हवी. म्हणून पट्टे शिवून टाकू नका, खाचेतून काढता येतील असेच ठेवा. मित्रांनी “नाद खुळा” म्हटलं हे छान, पण पैसे कुणी मोजले? कोल्हापुरातले लांब पल्ल्याचे सायकलवाले, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवणारे, हलकी नायलॉनचीच बॅग घेतात आणि त्यांचं बरोबर आहे. तुमचा गिऱ्हाईक ज्याच्याकडे जुन्या धाटणीची स्टीलची सायकल आणि चामड्याचं सीट आहे तो. असे लोक थोडे आहेत, पण ते कोल्हापूरपुरते नाहीत.

नावाबाबत सावध राहा. ‘कोल्हापुरी चप्पल’ला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी आहे, आणि पादत्राणांसाठी. तुमच्या बॅगेला तो लागू होत नाही, तेव्हा खोक्यावर जीआयचा उल्लेख नको. ‘कोल्हापुरात, चपला करणाऱ्या घरात हाताने शिवलेली’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. चामडं म्हशीचं आहे हे बिलावर लिहून घ्या आणि बिलं जपून ठेवा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि परगावचा गिऱ्हाईक चामडं कुठलं हे विचारतोच.

मग पुढे काय? नोकरी आत्ता सोडू नका. कर्जाशिवाय चालत असेल तर उत्तमच. नसेलच चालत, तर पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकार-पादत्राणे कारागीर बसतात. पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने, फेड १८ महिन्यांत, शिवाय अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत. लाभ घरातल्या एकालाच मिळतो आणि अर्जदार स्वतः त्या कामातला लागतो, तेव्हा अर्ज तुमचा नव्हे, वडिलांचा. लिडकॉम, म्हणजे राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाच्या कार्यालयातही एक चक्कर मारा.

वडिलांना पटवायला जाऊ नका. तळव्याच्या चामड्याबद्दल ते बरोबर बोलत होते, हे आधी त्यांना सांगा. मग एक अख्खं चामडं समोर पसरा आणि विचारा, यातला न ताणणारा पट्टा कुठून काढू? त्यांच्या बोटांना ते गेजच्या आधी कळेल. त्या दिवसाची मजुरी हिशेबाच्या वहीत त्यांच्या नावावर लिहा.

मेअखेरपर्यंत सहा बॅगा करा, चार मोठ्या, दोन ८ सेंमीच्या. सहा वेगवेगळ्या माणसांना निम्म्या किमतीत द्या, फुकट नको. फुकटच्या वस्तूबद्दल कुणी खरं बोलत नाही. त्यांतला एक तरी पावसात गगनबावड्याकडे जाणारा असू द्या. देण्याआधी प्रत्येक पट्ट्याची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, बॅगेत दीडपट वजन भरून दोन दिवस टांगा आणि पुन्हा मोजा. सप्टेंबरअखेर सगळ्या परत मागवा. पट्टा १०० मिमीला ३ मिमीपेक्षा जास्त वाढला असेल तर चामड्याची जागा चुकली, भोकं लांबट झाली असतील तर बॅग डुलत होती, तळाच्या कडेचा टाका झिजला असेल तर टायरशी अंतर कमी पडलं. मशिनवाल्याला आगाऊ रक्कम दिली असेल, तर ती परत मिळते का हे मात्र या आठवड्यातच विचारा.